नांव नोंदविण्याचा भार कोणाचा?

कोणतीहि गोष्ट सोपी झाली म्हणजे ती चांगलीहि झाली, असें मानण्याकडे आपल्या काळाचा कल आहे. पत्र पाठविणें सोपें झालें, पैसे धाडणें सोपें झालें, आगगाडींतील जागा राखून ठेवणें सोपें झालें. आणि या प्रत्येक सोयीबद्दल कृतज्ञ राहण्यास आपणांस कारणहि आहे. परंतु जेथें केवळ सोयीचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न गुंतलेला असतो, तेथें 'सोपें झालें' एवढ्या एका वाक्यानें विचार संपत नाहीं. कोणास सोपें झालें, आणि ज्यास तें सोपें झालें नाहीं त्याचें पुढें काय होतें, हे दोन प्रश्न तेथें विचारावेच लागतात. नागरिकानें घरबसल्या इंटरनेटवरून मतदारयादींत आपलें नांव नोंदवावें, ही व्यवस्था अशाच गोष्टींपैकीं आहे. तिचे गुण उघड आहेत व ते प्रस्तुत लेखकास मान्य आहेत. पण त्या गुणांच्या आड एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे आणि नव्या साधनाच्या कौतुकांत त्याचा विसर पडण्याचा संभव आहे. तो प्रश्न असा, कीं यादींत नांव येण्याचा भार मुळांत कोणावर? मागणाऱ्या नागरिकावर, कीं देणें लागणाऱ्या राज्यसंस्थेवर?

प्रथम कायद्याची स्थिति पाहूं. आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें प्रौढ मताधिकार दिला, असें आपण म्हणतों, व तें खरेंच आहे. परंतु कलमाची शब्दयोजना बारकाईनें पाहिली तर असें दिसतें, कीं त्यानें नागरिकास जो हक्क दिला आहे तो मतदार म्हणून नोंदलें जाण्याचा हक्क आहे. त्याआधींच्या ३२५ व्या कलमानें, केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणानें कोणासहि यादीबाहेर ठेवतां येणार नाहीं, असें बजावलें आहे. पुढें १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें नोंदणीची रीत सांगितली, आणि १९५१ च्या कायद्यानें असें ठरविलें, कीं ज्याचें नांव यादींत नाहीं त्यास मत देतां येणार नाहीं. म्हणजे घटनेनें दिलेल्या अधिकाराच्या आणि प्रत्यक्ष मताच्या मध्यें एक उंबरठा आहे, व तो यादीचा आहे. हा उंबरठा किती उंच असावा, आणि तो ओलांडण्यास हात कोणीं द्यावा, हा आपल्यापुढील विषय होय.

या विषयाला आपल्या देशांत इतिहास आहे. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक कायदेमंडळांसाठीं सुमारें ३ कोटि लोकांना मताधिकार मिळाला. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींच्या गाळणींतून उतरलेले ते लोक होते. त्या गाळणीखालीं आणखी एक बारीक चाळण होती. पतीच्या पात्रतेवरून ज्या स्त्रियांना मत मिळावयाचें, त्यांचें नांव कांहीं प्रांतांत त्यांनीं स्वतः अर्ज केल्याखेरीज यादींत घातलें जात नसे. स्त्रियांच्या संघटनांनीं या अटीस विरोध केला, व तो योग्य होता. अर्जाची अट वरवर निरुपद्रवी दिसते. तिच्यांत कोणास मनाई नसते, कोणाचा अपमान नसतो. पण कायद्यानें दिलेलें अर्धें तरी ती परत घेऊं शकते, कारण जिला घराबाहेर पडण्याची मुभा नाहीं, जिला लिहितां येत नाहीं आणि असा अर्ज करावयाचा असतो हेंच जिला ठाऊक नाहीं, ती अर्ज करणार नाहीं, हें अर्ज मागणारास आधींच ठाऊक असतें.

स्वातंत्र्यानंतर जी यादी तयार झाली, तिनें ही रीत उलटी केली. घटना पुरी होण्याची वाट न पाहतां, १९४८ पासूनच घटनासमितीच्या सचिवालयाच्या मार्गदर्शनाखालीं प्रांतोप्रांतीं व संस्थानांत कारकून, तलाठी, शिक्षक घरोघर हिंडूं लागले. देशांत १०० पैकीं ८० हून अधिक लोक निरक्षर होते. फाळणीनें लक्षावधि लोक घरादारास मुकले होते व छावण्यांत पडून होते. त्यांच्यापाशीं रहिवासाचा कसला पुरावा असणार? तरीहि, आपण येथें कायम राहणार आहों एवढें त्यांनीं लिहून द्यावें आणि त्यांचें नांव घ्यावें, असें ठरलें. येथें थांबून विचार करण्याजोगें आहे. ज्या राज्यापाशीं पैसा नव्हता, यंत्रें नव्हतीं, आणि धड शांतताहि नव्हती, त्यानें सर्वांत दुर्बळ माणसाकडून पुराव्याचा कागद मागितला नाहीं. त्याचा शब्द घेतला. त्या यादींत सुमारें १७ कोटि ३२ लाख नांवें आलीं, व तिच्या आधारें १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.

तथापि त्या कथेंतील एक पान दुःखद आहे व तें उलटून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. उत्तरेकडील कांहीं प्रांतांत हजारों घरीं स्त्रियांनीं आपलें नांव परक्या पुरुषास सांगण्याचें नाकारलें. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच त्या सांगत, आणि कारकून तसेंच लिहून घेत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशी नोंद चालणार नाहीं, असें ठरविलें. स्वतःचें नांव सांगण्यास मुदत वाढवून देण्यांत आली. अनेकींनीं तें सांगितलें. पण शेवटीं सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गेलीं. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण तो चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. मत हें माणसाचें असतें, नात्याचें नसतें. राज्यसंस्था दारापर्यंत येऊं शकते, पण दारांतून बाहेर येऊन 'मी अमुक' हा शब्द ज्याचा त्यानेंच उच्चारावा लागतो. तेव्हां नोंदणीच्या कामांत दोन्ही पक्षांचा वांटा आहे, हें त्या २८ लाख नांवांवरून आपण शिकावें. प्रश्न उरतो तो वांटणीचा.

आतां नव्या साधनाकडे वळूं. २५ जानेवारी १९५० रोजीं निवडणूक आयोगाची स्थापना झाली, म्हणून २०११ पासून तो दिवस मतदारदिन म्हणून पाळतात. २०१५ च्या मतदारदिनीं आयोगानें देशव्यापी मतदारसेवेचें संकेतस्थळ सुरू केलें. नव्या नांवासाठीं नमुना ६, नांव वगळण्यासाठीं नमुना ७, दुरुस्तीसाठीं वा स्थलांतरासाठीं नमुना ८, हे सारे अर्ज आतां घरबसल्या करतां येतात. पूर्वीं १ जानेवारी ही एकच तारीख धरून १८ वर्षें पुरीं झालेल्यांचीं नांवें घेत. २०२२ पासून वर्षांतून अशा चार तारखा झाल्या, व १७ वर्षें पुरीं झालेल्या मुलासहि आगाऊ अर्ज करण्याची मुभा मिळाली. अर्ज इंटरनेटवरून आला म्हणून तपास टळत नाहीं. मतदान केंद्राचा अधिकारी घरीं जाऊन पाहतो, हरकतीस अवधि असतो आणि मग नोंदणी अधिकारी निर्णय देतो.

या सोयीनें झालेलें हित थोडें नाहीं. शिक्षणासाठीं पुण्यास राहणाऱ्या मुलीला आतां एका अर्जासाठीं कचेरीच्या खेपा घालाव्या लागत नाहींत. अंथरुणास खिळलेल्या किंवा पायांनीं अधू असलेल्या माणसास जिना चढावा लागत नाहीं. कारकुनाच्या मर्जीस वाव कमी झाला. अर्जाला क्रमांक मिळाला आणि तो कोठें अडला हें पाहतां येऊं लागलें. इंग्लंडमध्यें २०१४ सालीं इंटरनेटवरील नोंदणी आली तेव्हांच तेथें आणखी एक बदल झाला. तोंवर कुटुंबप्रमुखानें घरांतील सर्वांचीं नांवें एका कागदावर लिहून द्यावयाचीं अशी रीत होती. ती जाऊन प्रत्येकानें आपली नोंद आपण करावी असें ठरलें. ज्यांस स्त्रीच्या व तरुणाच्या स्वतंत्र व्यक्तित्वाची चाड आहे, त्यांस हा बदल तत्त्वतः मोलाचा वाटेल. आपल्याकडे बिहारमध्यें २०२५ सालीं यादीचें विशेष सखोल पुनरीक्षण झालें, तेव्हां वगळल्या गेलेल्या लोकांना इंटरनेटवरूनहि दावा दाखल करतां यावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्टमध्यें दिला. पोटासाठीं सुरतेस वा पुण्यास असलेल्या बिहारी मजुरास आपल्या नांवासाठीं रोजगार बुडवून गांवीं जावें लागूं नये, हा त्यांतील न्याय उघड आहे. म्हणून या साधनास सरसकट विरोध करणें म्हणजे त्या मुलीला, त्या अपंगाला आणि त्या मजुराला पुन्हां रांगेंत उभें करणें होय.

या सोयीवर एक आक्षेप उलट्या बाजूनेंहि घेतला जातो. कांहीं लोक म्हणतात, जो मनुष्य आपल्या हक्कासाठीं दोन तास खर्च करण्यास तयार नाहीं, त्याच्या मताची किंमत ती काय? फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाहीं. नोंदणीस थोडे श्रम पडले तर मतदार अधिक जबाबदार होईल. हा विचार नवा नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल या थोर तत्त्ववेत्त्यानें प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या १८६१ च्या ग्रंथांत असें सुचविलें होतें, कीं नोंदणीस येणाऱ्या प्रत्येकानें अधिकाऱ्यासमोर इंग्रजी पुस्तकांतील एक वाक्य उतरून दाखवावें आणि त्रैराशिकाचें एक उदाहरण सोडवावें. मिल स्त्रियांच्या मताधिकाराचा कैवारी होता. कोणाचा द्वेष म्हणून त्यानें हें लिहिलें नाहीं. सर्वांना शिक्षण देणें हें समाजाचें कर्तव्य आहे व तें मताधिकाराच्या आधीं पार पडलें पाहिजे, असेंहि त्यानें तेथें म्हटलें आहे. तरीहि आपल्या घटनाकारांनीं त्याची वाट सोडली. अक्षरओळखीची अट घातली असती तर १०० पैकीं ८० माणसें बाहेर राहिलीं असतीं. आणि ज्या सरकारनें त्यांना शिकविलें नाहीं, त्याच सरकारच्या निवडीपासून त्यांना न शिकल्याबद्दल दूर ठेवणें, हा दुहेरी अन्याय झाला असता. श्रमाच्या युक्तिवादांतील दोषहि असाच आहे. दोन तास सर्वांचे सारखे नसतात. पगारी सुटी घेणाऱ्याचे दोन तास आणि रोजंदारीवरील बाईचे दोन तास यांत एका चुलीचें अंतर असतें. श्रमाची कसोटी निष्ठा मोजते असें आपणांस वाटतें. ती बहुधा सवड मोजते.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, कीं मग वाद कोठें आहे? श्रम नकोत, परीक्षा नको, तर इंटरनेटवरील नोंदणी हीच सर्वांत चांगली. परंतु त्या नोंदणीचें स्वरूप एकदां नीट न्याहाळावें. पडद्यावर वेडींवांकडीं अक्षरें दिसतात. तीं ओळखून तशींच उतरावीं लागतात. मोबाइलवर एक गुप्त अंक येतो. तो मुदतींत भरावा लागतो. छायाचित्र ठराविक आकाराचें करून चढवावें लागतें. वयाचा व पत्त्याचा दाखला छायाप्रत काढून जोडावा लागतो. वाक्य उतरून दाखवा, हिशेब करून दाखवा, म्हणणाऱ्या मिलची परीक्षा घटनासमितीनें पुढल्या दारानें घालवून दिली होती. ती आतां मागल्या दारानें परत आली आहे. फरक एवढाच, कीं मिलनें आपली परीक्षा उघडपणें मांडली, तिच्यावर वाद होऊं दिला आणि तिचें उत्तरदायित्व पत्करलें. ही दुसरी परीक्षा कोणी मंजूर केलेली नाहीं, कोणाच्या मनांत ती घेण्याचा हेतुहि नाहीं. आणि म्हणूनच तींत नापास होणाराची गणती कोठें होत नाहीं. अर्ज फेटाळला गेला तर त्याची नोंद राहते. जो अर्ज पडद्यावरच अर्ध्यांत सोडून दिला गेला, किंवा ज्याचा आरंभच झाला नाहीं, त्याची नोंद कोणाच्या दप्तरांत असणार?

आपल्याच मुलखांतील एक उदाहरण घेऊं. बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दरसाल लाखों ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रांतल्या व कर्नाटकांतल्या कारखान्यांच्या फडांवर कोप्या घालून राहतात. उन्हाळा लागतां लागतां ते परततात. कायदा त्यांच्या बाजूनें आहे. तात्पुरती गैरहजेरी म्हणजे रहिवास सोडणें नव्हे, असें १९५० च्या कायद्याच्या २० व्या कलमांत स्पष्ट आहे. परंतु तपासणीस आलेला अधिकारी कुलूप पाहतो. शेजारी सांगतात, कीं माणसें येथें नसतात. आणि ज्या कोपींत ऊस तोडून आलेलें जोडपें रात्रीं अंग टाकतें, तेथें मोबाइल असला तरी तो एकच असतो, तो बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो, आणि त्यांतील पैसे व वीज दोन्ही संपत आलेलीं असतात. तिच्या नांवाचा गुप्त अंक त्याच्या हातांत येतो. १९५१ मध्यें स्त्रीचें नांव नवऱ्याच्या नांवाआड गेलें होतें. आज तें त्याच्या यंत्राआड जाऊं शकतें. कायद्यानें तिला दिलेली स्वतंत्र व्यक्तिता साधनानें परत घेऊं नये, एवढी काळजी साधन योजणारानें घ्यावयास नको काय?

दुसरी शंका याहून निराळी, पण तितकीच गंभीर आहे. जें दार आंत येण्यास सोपें असतें, तें बाहेर ढकलण्यासहि सोपें असूं शकतें. कर्नाटकांतील आळंद मतदारसंघांत २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वीं नांवें वगळण्याचे ६०१८ अर्ज इंटरनेटवरून आले. स्थानिक अधिकाऱ्यांस संशय आला, तपास झाला, आणि त्यांपैकीं केवळ २४ अर्ज खरे ठरले. बाकीचे फेटाळले गेले व पोलिसांत फिर्याद झाली. हें कृत्य कोणाचें व कशासाठीं, याचा निवाडा न्यायालयाचा आहे. त्यांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं. आपल्या विषयापुरता बोध इतकाच, कीं नांवें वांचलीं तीं माणसाच्या डोळ्यांनीं. कोणी तरी दारापर्यंत गेलें, कोणी तरी विचारलें, 'हा अर्ज तुम्हीं केला काय?' अर्ज घेणारें यंत्र हें विचारूं शकलें नव्हतें.

यावरून एक नियम निघतो, आणि तो नीतीचा नियम आहे. यादींत एखादें खोटें नांव राहिलें तर नुकसान होतें. पण तें नुकसान सर्वांत वांटलें जातें, आणि मतदानाच्या दिवशीं ओळख पटवितांना तें बहुधा थांबवितांहि येतें. खरें नांव गेलें तर तें नुकसान एका माणसाचें, संपूर्ण, आणि त्या निवडणुकीपुरतें तरी न भरून येणारें असतें. दोन्ही चुका टाळाव्यात हें खरें. पण दोन्ही चुकांचें पाप सारखें नाहीं. म्हणून नांव घालण्याचा अर्ज सोपा असणें उचित आहे आणि नांव काढण्याचा अर्ज कठीण असणें उचित आहे. सोयीची पूजा करणारें मन हा भेद विसरतें व दोन्ही नमुने एकाच पडद्यावर सारख्याच सुलभतेनें मांडतें.

येथेंच मूळ प्रश्नाकडे, म्हणजे भाराच्या प्रश्नाकडे परत येतां येईल. बिहारमधील ज्या पुनरीक्षणाचा वर उल्लेख आला, त्याच्या आरंभीं यादींत सुमारें ७ कोटि ८९ लाख नांवें होतीं. प्रत्येकानें ठराविक मुदतींत गणनेचा अर्ज भरून द्यावयाचा होता. १ ऑगस्ट २०२५ च्या मसुद्यांत सुमारें ७ कोटि २४ लाख नांवें राहिलीं, व दाव्याहरकतींनंतर ३० सप्टेंबरच्या अंतिम यादींत सुमारें ७ कोटि ४२ लाख. यादी शुद्ध करणें हें आयोगाचें कर्तव्यच आहे. मृतांचीं व दुबार नांवें काढावींच लागतात, आणि गळालेल्यांत तशीं नांवें होतींच. त्या वादांतील प्रत्येक मुद्द्याचा निकाल येथें लावावयाचा नाहीं. पण तत्त्वाच्या दृष्टीनें एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. १९४८ मध्यें राज्यसंस्था माणसाला शोधत होती. २०२५ मध्यें आधींच यादींत असलेल्या माणसानें पुन्हां पुढें येऊन आपण आहों असें सांगावयाचें होतें. न्यायालयानें वगळलेल्यांचीं नांवें कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितलें, तेव्हां भाराचा कांहीं अंश परत राज्यसंस्थेवर गेला. अर्ज करण्याचीं साधनें वाढलीं तसा अर्ज करण्याचा भारहि वाढविण्यास हरकत नाहीं, असा विचार राज्यकर्त्यांच्या मनांत सहज येतो. सोय वाढली म्हणून कर्तव्य कमी झालें, असें त्यांस वाटूं लागतें. हाच या साधनाचा खरा धोका होय.

याच्या उलट विचार करणारे देशहि आहेत. ऑस्ट्रेलियानें २०१२ मध्यें कायदा करून, इतर सरकारी खात्यांच्या विश्वसनीय माहितीवरून नागरिकाचें नांव आपण होऊन यादींत घालण्याचा अधिकार आपल्या निवडणूक आयोगास दिला. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत २०१६ पासून, वाहनपरवान्याच्या कचेरींत नागरिकत्व सिद्ध झालेल्या माणसाचें नांव आपोआप नोंदलें जातें; नको असल्यास त्यानें तसें कळवावयाचें असतें. त्या देशांच्या रीति जशाच्या तशा आपल्याकडे आणाव्यात असें नाहीं. सरकारनें सर्व खात्यांतील माहिती एकत्र जुळवावी यांतहि वेगळीं भयें आहेत. पण एवढें त्यांवरून सिद्ध होतें, कीं यंत्राचा उपयोग नागरिकाकडून अर्ज मागण्यासाठींच करावा असा सृष्टिनियम नाहीं. शोधाचें ओझें सरकारनें आपल्या खांद्यावर घेण्यासाठींहि तो करतां येतो. इंग्लंडांत २०१६ च्या सार्वमतापूर्वीं, नोंदणीच्या शेवटच्या रात्रीं, ७ जून रोजीं, गर्दीमुळें संकेतस्थळ बंद पडलें. तेव्हां खास तरतूद करून मुदत दोन दिवस वाढविण्यांत आली. यंत्र थकलें याची शिक्षा माणसास होतां कामा नये, हें तेथें मान्य झालें. जें तत्त्व एका रात्रीच्या बिघाडास लागू पडतें, तें ज्या वस्तींत यंत्र कधींच पोंचलेलें नाहीं तिला कां लागू पडूं नये?

प्रस्तुत लेखकाचें म्हणणें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें, कीं इंटरनेटवरील नोंदणीनें जो वेळ वांचतो तो सरकारची मिळकत नव्हे. तें दुसऱ्या कोणाचें तरी देणें आहे. शहरांतील सुशिक्षित तरुणानें आपला अर्ज आपण भरला, म्हणजे एका कारकुनाचें कांहीं काम वांचलें. तो वांचलेला वेळ ऊसाच्या फडावर, वीटभट्टीवर, पारध्यांच्या पालावर, रस्त्याच्या कडेच्या झोपडींत खर्च झाला, तर नवी सोय न्यायाची दासी झाली असें म्हणतां येईल. तोच वेळ बचत म्हणून जमेस धरला, माणसें कमी केलीं, घरोघरची फेरी नांवापुरती उरली, तर तीच सोय सवडवाल्यांची मिरास बनेल. साधन तेंच, त्याच्या शिल्लकीचा विनियोग कोठें होतो यावर त्याची नैतिक किंमत ठरते. कोणत्याहि नोंदणीच्या व्यवस्थेची परीक्षा किती अर्ज आले यावरून होऊं नये. जे आले नाहींत त्यांच्याकडे कोण गेलें, यावरून ती व्हावी.

आणि नागरिकाचा वांटा? त्या २८ लाख स्त्रियांची गोष्ट सांगितल्यावर तो प्रश्न टाळतां येणार नाहीं. राज्यसंस्थेवर शोधण्याचा भार टाकून आपण स्वस्थ बसावें, असा या विवेचनाचा अर्थ करूं नये. ज्याला हें साधन वापरतां येतें, त्यानें तें निवडणुकीची दवंडी पिटण्याची वाट न पाहतां वापरावें. आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहण्यास आतां घटकाभराचाहि वेळ लागत नाहीं. मतदानाच्या सकाळीं केंद्रावर जाऊन संताप करण्यापेक्षां तो वेळ आधीं देणें शहाणपणाचें. परंतु सुशिक्षिताचें कर्तव्य येथेंहि संपत नाहीं. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, शेजारच्या बांधकामावरील गवंडी, यांचीं नांवें कोठल्या यादींत आहेत, हें आपण कधीं विचारलें आहे काय? त्यांचा अर्ज आपल्या यंत्रावरून भरून देण्यांत उपकार नाहीं. मात्र तो भरतांना नांव त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावें, त्यांस हवें तसें लिहावें, आणि त्या बाईचा गुप्त अंक शक्य तर तिच्याच हातीं येईल असें पाहावें. मदत करणारानें मालक बनूं नये, हा अशा साह्याचा धर्म आहे.

मताधिकार हा या देशांत कोणी कोणास दिलेला प्रसाद नाहीं. घटनेनें तो सर्वांचा मानला आहे, व यादी ही त्या मान्यतेची वही आहे. वही कागदाची असो वा विजेची, तींत नांव लिहिण्याचें काम राज्याचें, तें नांव खणखणीत आवाजांत सांगण्याचें काम नागरिकाचें, आणि ज्याचा आवाज पोंचत नाहीं त्याच्या दारापर्यंत चालत जाण्याचें काम पुन्हां राज्याचेंच. हें शेवटलें काम कोणत्याहि यंत्रानें आजवर संपविलेलें नाहीं, आणि तें संपलें असें समजून चालणाऱ्या सरकारास तसें सांगण्याची जबाबदारी, ज्यांचीं नांवें यादींत सुखरूप आहेत अशा आपणां सर्वांची आहे.